गुण्याचा स्क्रू

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. घरात अण्णाचा विषय निघाला की मी पेपर उचलतो, नाहीतर खाली जाऊन गेट लागलंय का ते बघून येतो. अण्णाच्या वर्षश्राद्धाला त्याचा मुलगा, माझा पुतण्या, चारचौघांत म्हणाला, "काका होते म्हणून अप्पांचं वेळेवर लक्षात आलं." तेव्हाही मी मान हलवली. आता माझंही वय झालं. जे घडलं ते लिहून ठेवतो.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. आमचं घराणं बेंगळुरात किती पिढ्यांपासून आहे ते कोणालाच नीट सांगता येत नाही. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, आणि मधल्या जिन्यात दोन्हींची मिसळ. अण्णा मला शेवटपर्यंत 'तम्मा' म्हणायचा, कन्नडमध्ये धाकट्या भावाला म्हणतात तसं. वडिलांनी बांधलेल्या घरात खाली तो राहायचा, वर मी आणि माझी बायको.

तो शाळेत चित्रकला शिकवायचा. मी आनेकलजवळच्या एका कारखान्यात तपासणी विभागात होतो. दुसऱ्याने केलेला भाग मापायचा, चूक सापडली तर बाजूला काढायचा, आणि चूक कोणाच्या हातून झाली ते शोधायचं, एवढंच माझं काम. नोकरीभर हे केल्यावर माणसाचा स्वभावही तसाच होतो. समोरचा 'बरोबर आहे' म्हणाला की मला आधी शंका यायची.

वहिनी गेल्यावर अण्णा खाली एकटाच राहिला. स्वतःची कॉफी स्वतः करायचा, पहाटे उठून फुलं आणायचा, गल्लीतल्या पोरांना हत्ती काढून द्यायचा. त्याला आणखी काही नको होतं. पुतण्या आय.टी.त, महादेवपुऱ्याला मोठ्या इमारतीत राहायचा. तो दर रविवारी फोनवर म्हणायचा, "अप्पा, इकडे या ना राहायला." अण्णा म्हणायचा, "तुझ्या अकराव्या मजल्यावर मी काय करू रे? तिथे कावळासुद्धा लिफ्टने येत असेल."

पण मग अण्णाच्या हातून दोन-तीन गोष्टी झाल्या. एकदा दूध जळून पातेलं काळं झालं. एकदा तो जयनगरला जायला निघाला आणि बनशंकरीला उतरला. एकदा त्याने माझ्या बायकोला वहिनीच्या नावाने हाक मारली. पुतण्या घाबरला, डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, वयाप्रमाणे थोडं होतंच, लगेच काही ठरवू नका, पण घरातल्यांनी लक्ष ठेवा. पुतण्याने जिन्यात मला गाठून सांगितलं, "काका, तुम्ही रोज बरोबर असता. तुम्हीच बघा. जास्त वाटलं तर मी त्यांना घेऊन जातो, मग ते काही म्हणू देत."

तेव्हापासून अण्णाकडे बघायची माझी नजर बदलली. त्याने चष्मा शोधला की मी मनात टिपायचो. एकच गोष्ट दुसऱ्यांदा सांगितली की टिपायचो. ती गोष्ट तो आधीपासूनच दहादा सांगत आला होता, हे मात्र मला आठवत नसे.

त्याच सुमारास आम्ही बाहुल्यांच्या पायऱ्या करायला घेतल्या. दसऱ्याला आमच्याकडे इथल्या रीतीप्रमाणे गोंबे मांडतात, पायऱ्या-पायऱ्यांवर बाहुल्या. वहिनीच्या माहेरच्या लाकडी बाहुल्या अण्णाने जपून ठेवल्या होत्या, पण मांडणीला वाळवी लागली होती. अण्णा म्हणाला, "तम्मा, आपण नवीन करू. सुटी होणारी. दसरा झाला की फळ्या काढायच्या, पलंगाखाली सारायच्या." फोनवर व्हिडिओ बघून-बघून तो सुतारकाम शिकला होता. गच्चीवरच्या खोलीत त्याने टेबल लावलं, करवत, रंधा, पटाश्या जमवल्या. आकार त्याने काढला, मापं मी घेतली. बरं चाललं होतं.

पेटेतल्या, म्हणजे जुन्या बाजारातल्या, हत्यारांच्या दुकानातून मी एक लहान सरकता गुण्या आणला होता. गुण्या म्हणजे सुताराचं काटकोन बघायचं हत्यार. हा जेमतेम वीतभर, शर्टाच्या खिशात बसेल एवढा. एक पोलादी पट्टी आणि तिच्यावर पुढे-मागे सरकणारा एक जाड ठोकळा. ठोकळ्याला खाली छोटा गोल स्क्रू. तो आवळला की ठोकळा पट्टीवर जागच्या जागी बसतो. मग ठोकळा फळीच्या कडेला टेकवायचा, पट्टीच्या टोकाला पेन्सिल धरायची, आणि दोन्ही मिळून ओढत न्यायचं. कडेपासून सगळीकडे सारख्या अंतरावर रेघ येते. आकडा वाचावाच लागत नाही. त्यामुळे काम संपेपर्यंत तो स्क्रू कोणी सोडायचा नसतो. आज आखलेली फळी आणि परवा आखलेली फळी एकमेकींत बसायच्या तर गुण्या तसाच्या तसा राहायला हवा. अण्णाने हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं. मी म्हटलं, "मला सांगतोस? माप म्हणजे माझा धंदा."

एका बाजूच्या खाचा आखून झाल्या. दुसऱ्या दिवशी अण्णा नेहमीप्रमाणे माझ्या आधी वर गेला आणि दुसरी बाजू आखून मोकळा झाला. आम्ही खाचा कोरल्या, फळ्या घातल्या, तर फळ्या तिरक्या. एका बाजूला ठीक, दुसऱ्या बाजूला जवळजवळ पेन्सिलीच्या जाडीएवढा फरक.

मी गुण्या धरून बघितला. "अण्णा, हे माप हललंय."

"सकाळी स्क्रू सैल होता," तो म्हणाला. "मी आहे तिथेच आवळून घेतला. मला वाटलं थोडासाच ढिला झाला असेल."

"सैल कसा असेल? काल मी स्वतः आवळला होता."

"मग असेल कसा तरी. सैल होता खरा."

मी नुसतं 'बरं' म्हटलं. पण मनात म्हटलं, सैल होता म्हणे.

आम्ही ती बाजू टाकून दुसरी फळी घेतली. माप पुन्हा लावलं, स्क्रू मी आवळला, गुण्या त्याच्या पेटीत ठेवला. सकाळी वर गेलो तर अण्णा टेबलाशी बसलेला, गुण्याची पेटी उघडी. म्हणाला, "तम्मा, बघ, आज पण सैल आहे. मी हात लावला नाही, तू येईपर्यंत थांबलो." त्याच्या बोटांना पेन्सिलीची काळी पूड लागली होती. हात लावला नाही तर ही पूड कुठली? त्याने फुलांची परडी चितारायला घेतली होती, कागद समोरच होता, पण मला पूडच दिसली.

"खोलीला कुलूप असतं," मी म्हटलं. "किल्ल्या दोनच. एक तुझ्याकडे, एक माझ्याकडे."

"मग भूत आलं असेल," अण्णा हसून म्हणाला. "कन्नड बोलणारं. त्याला आपलं मराठी माप पटलं नसेल."

मी हसलो नाही. तो हसायचा थांबला.

त्यानंतर मी अण्णावर पाळत ठेवायला लागलो, दुसरा शब्द नाही. पहाटे जिन्यावर पावलं वाजली की जागा होऊन ऐकत पडायचो. तो खोलीत किती वेळ होता, पेटीचं झाकण वाजलं का. एकदा चपला न घालता वर गेलो आणि दाराच्या फटीतून बघितलं. तो खिडकीशी उभा राहून समोरच्या शेवग्यावरचे पोपट बघत होता. माझ्या मनात आलं, आत्ताच आवरून उभा राहिला असेल.

शेवटी मी खूण केली. संध्याकाळी काम झाल्यावर स्क्रू घट्ट आवळला आणि ठोकळ्याच्या कडेला लागून पट्टीवर सुईच्या टोकाने केसाएवढी रेघ ओढली. मग गुण्या पुसला, पेटीत ठेवला, कुलूप लावलं. बायकोला म्हणालो, "उद्या कळेल." ती म्हणाली, "काय कळेल?" मी म्हटलं, "कळेल."

सकाळी मी अण्णाच्या मागोमाग वर गेलो. पेटी उघडली. स्क्रू सैल, ठोकळा रेघेपासून चांगला सरकलेला. मी पट्टी त्याच्या डोळ्यांसमोर धरली.

"ही रेघ मी काल ओढली होती. आता बोल."

अण्णाने चष्मा वर सरकवून बघितलं. बराच वेळ बघितलं. "मी नाही रे केलं," तो म्हणाला.

"तुला आठवत नसेल."

मी हे सहज म्हणालो नव्हतो. कारखान्यात खराब भाग कामगाराच्या पुढ्यात ठेवावा तसं म्हणालो. अण्णा स्टुलावर बसला. आपल्याच हातांकडे बघत म्हणाला, "असं होईल का तम्मा? माणूस करतो आणि त्याला कळतच नाही, असं?"

"होतं," मी म्हटलं.

रविवारी पुतण्या आणि सून आले. जेवणं झाल्यावर सगळे खालच्या हॉलमध्ये बसलो. पुतण्या बापाशी फार प्रेमाने बोलत होता. म्हणाला, "अप्पा, तुम्ही एकटे असता, आम्हाला झोप येत नाही."

अण्णा म्हणाला, "दूध एकदा जळलं. तुझ्या बायकोचं रोज जळतं, तिला कुठे पाठवतोस का?"

सून हसली, "मामंजी, मी तर भातसुद्धा जाळते." वातावरण जरा सैल झालं. मग अण्णाच म्हणाला, "हे बघ, मला काही हे पटत नाही. पण तम्मा रोज माझ्याबरोबर असतो. त्याला विचार. तो म्हणेल तसं."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. अण्णाला वाटत होतं मी त्याची बाजू घेईन. मी गुण्याची गोष्ट सांगितली. स्क्रू, पूड, खूण, सगळं क्रमाने. साक्ष द्यावी तसं. शेवटी म्हणालो, "तो खोटं बोलत नाही. तो करतो आणि विसरतो. आज स्क्रू आहे, उद्या गॅस असेल."

अण्णा एवढंच म्हणाला, "सरी. सरी." कन्नडमध्ये 'ठीक आहे' म्हणायची ती आमची घरातली पद्धत. दसऱ्याआधीच तो महादेवपुऱ्याला गेला. त्या वर्षी बाहुल्या पेट्यांमध्येच राहिल्या. पुढे खालचं घर पुतण्याने तीन नोकरदार पोरांना भाड्याने दिलं.

पायऱ्या मात्र मी सोडल्या नाहीत. आता कोणी मध्ये येणार नाही, माप हलणार नाही, या समाधानात मी एकट्याने काम पुन्हा धरलं. गुण्या लावला, स्क्रू आवळला, पेटी बंद केली. दुसऱ्या दिवशी पेटी उघडली तर स्क्रू सैल.

मला पहिल्यांदा काय वाटलं ते लिहितो, कारण तेही लपवायचं नाही. मला वाटलं, अण्णाने किल्ली परत दिली नाही. मग आठवलं, किल्ली त्याने स्वतः माझ्या हातात दिली होती. मग खालच्या पोरांवर संशय आला. ती फोनवर बोलायला गच्चीवर यायची. मी कुलूप बदललं. स्क्रू सैलच. मग झाडायला येणाऱ्या बाईला मी नको-नको ते विचारलं. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अय्यो, तुमच्या त्या लोखंडाला मी काय करू? खायचं का त्याला?" दुसऱ्या दिवसापासून तिने गच्ची झाडणं सोडलं. मग मला वाटलं, हत्यारच खोटं, आटे झिजले असतील. पेटेत जाऊन दुकानदाराला दाखवलं. त्याने स्क्रू आवळला, ठोकळा दोन्ही हातांनी ओढून बघितला, जरासुद्धा हलला नाही. म्हणाला, "सार, हा तुमच्या-माझ्यानंतर पण हलणार नाही."

एका संध्याकाळी मी काम आवरत होतो. पुतण्याचा फोन आलाय म्हणून सांगायला बायको वर आली आणि दारात उभी राहून माझं आवरणं बघत राहिली.

"तुम्ही तो स्क्रू का सोडलात?" तिने विचारलं.

"कुठे सोडला? आत्ताच आवळला."

"आवळलात. मग फडक्याने पुसलात. आणि पेटीत ठेवताना सोडलात."

"काहीतरीच बोलू नकोस."

"मग पेटी उघडून बघा ना."

मी पेटी उघडली. स्क्रू सैल होता.

मी तो बाहेर काढला, आवळला आणि तिच्या समोर परत ठेवायला गेलो. या वेळी माझं लक्ष हातावर होतं. पेटीजवळ येताच माझ्या उजव्या अंगठ्याने स्क्रूला उलटा अर्धा फेरा दिला. मी त्याला सांगितलं नव्हतं. तो आपोआप फिरला.

कारखान्यात आमचा एक नियम होता. पाळी संपली की मापाचं कुठलंही हत्यार आवळलेलं ठेवायचं नाही. पुसायचं, स्क्रू सैल करायचा, मग पेटीत. आवळलेलं राहिलं तर आटे ताणले जातात, माप बिघडतं. नवीन आलेल्यांना मी स्वतः हा नियम शिकवायचो, विसरले तर सगळ्यांदेखत बोलायचो. नोकरी सुटली, पण अंगठ्याची सुटली नाही. मी खूण केली त्या संध्याकाळीही असंच झालं असणार. रेघ मीच ओढली, आणि पुसून पेटीत ठेवताना मीच ती खोटी ठरवली. करतो आणि विसरतो तो मी होतो.

बायको स्टुलावर बसली. ज्यावर अण्णा बसायचा त्याच. "भाऊजींना सांगा," ती म्हणाली.

"सांगतो."

"फोनवर नको. जाऊन सांगा. आणि पोरालाही सांगा. त्यांना घरी आणू."

मी गेलो. महादेवपुऱ्याला पोचेपर्यंत ऑटोत मी वाक्यं जुळवत होतो. अण्णा बाल्कनीत खुर्चीवर बसला होता. अंगाने उतरला होता. पायाशी वर्तमानपत्र घडी न मोडता पडलेलं. मला बघून त्याला इतका आनंद झाला की त्याने सुनेला दोनदा कॉफी टाकायला सांगितली. मग माझा हात धरला आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाला:

"तम्मा, बरं झालं आलास. मला तुला सांगायचंच होतं. तेव्हा मला राग आला होता तुझा. आता वाटतं, तूच बरोबर होतास. मी खूप विचार केला. तो स्क्रू मीच सोडत असणार. मला एकदा स्वप्नातसुद्धा दिसलं की मी सोडतोय. तुझं काम मी बिघडवलं. मनात ठेवू नकोस."

त्याला ते खरंच वाटत होतं. न केलेली गोष्ट आता त्याला आठवायला लागली होती. मी एक वाक्य बोललो असतो तर ती आठवण तिथल्या तिथे खोटी ठरली असती आणि त्याला त्याचं डोकं परत मिळालं असतं. सून कॉफी घेऊन आली. पुतण्याही आतून आला, मीटिंग संपवून, कानात ते यंत्र तसंच. दोघं माझ्याकडे हसून बघत होते. त्यांच्या दृष्टीने मी अण्णाला वाचवणारा होतो.

मी म्हणालो, "जाऊ दे रे अण्णा. झालं ते झालं."

म्हणजे मी त्याला माफ केलं.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, "सांगितलंत?" मी म्हटलं, "हो. तो म्हणाला, आता तिथेच बरं वाटतं." ती माझ्याकडे बघत राहिली. तिला संशय आला असावा. पण माझ्यासारखा संशयाचा पाठलाग करायची तिला सवय नाही.

पुढे मी अनेकदा गेलो. प्रत्येक वेळी ठरवून गेलो. कधी पाहुणे होते, कधी तो झोपला होता, कधी तो इतका शांत दिसला की उगाच कशाला, असं मी स्वतःला समजावलं. ते समजावणं खोटं आहे हे मला तेव्हाही कळत होतं. त्याने चित्र काढणं सोडलं होतं. सून सांगायची, "मामंजी स्वतःच म्हणतात, मला काही देऊ नका, माझ्या हातून बिघडतं." लिफ्टचं बटणसुद्धा तो दुसऱ्याला दाबायला सांगायचा. एका पावसाळ्यात त्याला न्यूमोनिया झाला. हॉस्पिटलमध्ये मी त्याच्याजवळ एक अख्खी दुपार एकटाच होतो. त्याच्या तोंडावर मास्क होता, डोळे उघडे होते. मी त्याची उशी नीट केली, पाय चेपले, आणि बाहेरच्या ट्रॅफिकबद्दल बोललो.

पुतण्या हे वाचेल तेव्हा त्याला धक्का बसेल. बसू दे. त्याच्या बापाचं डोकं ठिकाणावर होतं. दूध कोणाचंही जळतं. त्याला घरातून उठवलं ते माझ्या शब्दावर, आणि तो शब्द चुकीचा होता.

अण्णाला जे सांगायचं होतं ते फार नव्हतं. ऑटोत जुळवलेली वाक्यं अजून पाठ आहेत, तीच लिहितो.

अण्णा, तू काही विसरला नाहीस. स्क्रू मीच सोडत होतो, रोज संध्याकाळी, माझ्या हाताने. तू खरं सांगत होतास आणि मी तुझ्यावर विश्वास ठेवला नाही. चल, घरी जाऊ. माझं चुकलं. मला माफ कर.